घरी कोण असतं?

सकाळी ५.५०

नवीन पनवेलमधली सिडकोची जुनी इमारत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताईंच्या ओट्यावर शेगडीचे दोन्ही बर्नर पेटलेत. एकावर चहा, दुसऱ्यावर मुगाची खिचडी. खिचडीत आज मिरची नाही. डबा दुसऱ्या कोणासाठी आहे.

टेबलावर पिशवी भरायला घेतलीय. बालकल्याण समितीचं नेमणूकपत्र प्लास्टिकच्या फोल्डरात, त्याच्या चार झेरॉक्स. स्टेपलर. तेलखडूंची पेटी आणि पाठकोरे कागद. सापशिडी. ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे. ओला करून पिळलेला रुमाल. लहान मुलीच्या मापाचा एक जादा फ्रॉक आणि चड्डी.

"कोर्टात पोरं घाबरून शू करतात," ताई म्हणतात. "मोठी माणसंही करतील. उभं करून बघा."

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलासोबत तक्रारीपासून निकालापर्यंत राहायचं, हे त्यांचं काम. पोलिसांत, दवाखान्यात, कोर्टात. पोक्सो कायद्याच्या नियमांत याला सहाय्यक व्यक्ती म्हटलंय. कोर्टात सगळे सपोर्ट पर्सन म्हणतात, वस्तीत ‘कोर्टाच्या ताई’. त्या वकील नाहीत, पोलीस नाहीत, नातेवाईक तर नाहीतच. हातात सध्या अकरा केसेस आहेत.

आजच्या मुलीचं वय, वस्ती, शाळा यांतलं काहीही मी लिहिणार नाही. पोक्सोच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ताईंची अट त्याहून कडक आहे. त्यांचंही नाव नको. नावावरून ऑफिस कळतं, ऑफिसवरून केस.

सकाळी ६.४०

स्टेशनजवळची टपरी. कटिंग बारा रुपये. हार्बर लाइनचे डबे भरून चाललेत. टपरीवर एकच पेपर आहे आणि चौघं मिळून तो वाचतायत. आतल्या पानावर कुठल्याशा गावातली बातमी. लहान मुलगी, शेजारचा माणूस.

"भर चौकात लटकवा साल्याला."

"बदलापूरला कसं, एका झटक्यात निकाल लागला."

शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या अडल्या. सगळीकडे फाशीची मागणी. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. इथल्या टपरीवर तेव्हाही हीच माणसं असणार. एक जण म्हणतो, शक्ती कायदा आणा. विधिमंडळानं ते विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं होतं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पण फाशीसाठी शक्तीची वाट बघायची गरज कुठे होती? बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून फाशीची तरतूद आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ती पोक्सोतही आली. टपरीवर हे कोणी बोलत नाही. कदाचित कोणाला ठाऊकही नसावं.

टपरीवाला ताईंना ओळखतो. "मॅडम, तुम्ही रोज कोर्टात असता. तुम्हीच सांगा, फाशी पाहिजे की नको?"

"मला साडेसातला पोचायचंय," ताई म्हणतात. "पन्नासचे सुट्टे आहेत का?"

सकाळी ७.२५

एक खोली, वर पोटमाळा. आई दारातच उभी आहे, केस विंचरून तयार. ती चार घरची धुणीभांडी करते. महिन्याला दोन खाडे माफ, पुढच्या खाड्याला एक बाई पन्नास कापते, दुसरी साठ. या महिन्यातला हा चौथा खाडा. कोर्टात जायचंय म्हणून सांगता येत नाही. कोणतं कोर्ट, कशासाठी, हे लगेच विचारतात. मग रेशनकार्डाचं काम आहे, असं सांगायचं. दोन वर्षं या बाईचं रेशनकार्डाचं काम चाललंय.

वडील टेम्पो चालवतात. ते पहाटेच गेले. त्यांना कोर्टात नेऊ नये असं ताईंनीच सुचवलं होतं. मागच्या तारखेला त्यांनी जिन्यात कोणाची तरी कॉलर धरली होती.

मुलगी शाळेचा गणवेश घालून बसलीय. तिच्याकडे चांगला कपडा तोच. ताई पिशवीतला फ्रॉक काढतात. गणवेशावर शाळेचा बिल्ला असतो, तो पाहून कोणीही शाळा शोधत जाईल. मुलीला फ्रॉक आवडत नाही. रंग आवडत नाही. पाच मिनिटं यावर घासाघीस होते. शेवटी गणवेशाचा स्कर्ट आणि वर आईच्या मैत्रिणीकडून आणलेला टी-शर्ट, असं ठरतं.

आई शेगडी पुसत असताना ताई मला त्यांची वही दाखवतात. भरलेली पानं दाखवत नाहीत, एक कोरं पान दाखवतात. पट्टीनं चार रकाने आखलेत. वेळ. मूल कुठे. घरी कोण. हाक मारली तर कोण ऐकेल.

प्रत्येक केसमध्ये पहिल्या भेटीतच हे पान भरायचं, अशी त्यांची पद्धत आहे. ती सरकारी फॉर्मात नाही. मुलाचा दिवस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तासातासानं लिहायचा. अंगणवाडी कधी सुटते, आई कधी येते, मधल्या वेळात किल्ली कोणाकडे. पान भरलं की एक-दोन जागा रिकाम्या राहतात. किंवा दुपारभर तिसऱ्या रकान्यात एकच नाव येतं.

"मग?" मी विचारतो.

"मग काही नाही. वकील म्हणतात, याचा केसला उपयोग नाही."

सकाळी ८.४५

चहा-बिस्किट झालं. ताई फरशीवर कागद पसरतात आणि मुलीला खडू निवडायला सांगतात. ती जांभळा घेते. ताई कोर्टाची खोली काढतात. इथे साहेब बसतात, उंचावर. इथे लिहून घेणारे काका, त्यांच्यापुढे संगणक. इथे आपले वकील, इथे दुसरे वकील, दोघांचे कोट काळे. इथे तू. इथे तुझ्या शेजारी मी.

"मला तो दिसेल?"

"नाही दिसणार."

कलम ३६ तसं सांगतं. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसता कामा नये. कुठे त्यासाठी वेगळी खोली असते, कुठे पडदा, कुठे कॅमेऱ्याचा स्क्रीन. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळं केंद्र उभारायला सांगितलं. तो खटला महाराष्ट्रातलाच होता.

काय बोलायचं हे ताई एका शब्दानंही सांगत नाहीत. ती मर्यादा आहे. मुलाला पढवलं असा संशय आला तरी साक्ष वाया जाते. त्या एवढंच सांगतात: आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. पाणी हवं तर मागायचं. शू लागली तर सांगायचं, साहेब रागवत नाहीत.

मुलगी कागदावर साहेबांना मिशा काढते. साहेब बाई असतील तर, असं ताई म्हणतात. मग मिशा खोडून टिकली.

सकाळी १०.००

रिक्षा. चौघं, ऐंशी रुपये. शेअरमध्ये साठात झालं असतं, पण शेअरमध्ये कोण बसेल ते सांगता येत नाही. ताई वहीच्या शेवटच्या पानावर ऐंशी लिहितात. हे पैसे सध्या त्यांच्याच पर्समधून.

पनवेलचं एक वेगळंच आहे. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. जिल्हा रायगड, म्हणजे महिला व बालविकास कार्यालय अलिबागला. पालिका पनवेलची, १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झालेली. नुकसानभरपाईची मनोधैर्य योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे पुन्हा अलिबाग. गुन्हा एका खोलीत घडतो आणि कागद चार दिशांना जातात. अलिबागला जायचं तर एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हा त्यांच्या कामातला मोठा दिलासा, असं ताई अगदी गंभीरपणे सांगतात.

सकाळी १०.३५

कोर्ट अजून बसायचंय. लवकर येण्याचं कारण जिना. आरोपी जामिनावर आहे, तोही याच जिन्यानं येणार. त्याच्या आधी वर पोचायचं आणि वकिलांच्या खोलीलगतच्या कोपऱ्यात बसायचं. पैरवी करणारी पोलीस हवालदार भेटते. तिच्या हातात समन्सांचा गठ्ठा. "बोर्डावर सातवा नंबर," ती सांगते.

सातवा नंबर म्हणजे कधी? कोणी सांगत नाही.

सकाळी ११.१०

पुकारा सुरू. आधी जामिनाचे अर्ज. सापशिडी उघडते. मुलगी दोनदा नव्व्याण्णववरून खाली येते.

ताई तेवढ्यात मोबाइलवर शनिवारच्या बैठकीचं इतिवृत्त टाइप करतात. एका शाळेच्या सखी सावित्री समितीत त्या आहेत. या समित्या २०२२ च्या शासन निर्णयातल्या. बदलापूरनंतर पुन्हा सगळ्यांना त्यांची आठवण झाली, तक्रारपेट्या लागल्या, कॅमेरे लागले. या शाळेतल्या पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात होती. ती आता समितीतल्या पालक बाईंकडे दिलीय, एवढ्यासाठी दोन बैठका लागल्या.

पेटीत नऊ चिठ्ठ्या निघाल्या. खिचडीत खडे असतात. मुलींच्या संडासाला कडी नाही. झोका तुटलाय. एका बाईंनी मला ढ म्हटलं. मुलींच्या संडासाला कडी नाही. बाकावर खिळा वर आलाय. कडी लावा. उरलेल्या दोन वाचता आल्या नाहीत. शाळेनं आठ महिन्यांपूर्वी कॅमेरे बसवले. कडी चाळीस रुपयांना मिळते. ती शनिवारीच आणली, पण लावायला सुतार हवा.

दुपारी १२.०५

समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसलीय. नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्याबरोबर आरोपीकडची दोन माणसं. पण म्हातारी सारखी या मुलीकडे बघते. मुलगीही बघते. शेवटी म्हातारी उठते आणि पिशवीतून चिक्कीचा पुडा काढते.

ताई मध्ये उभ्या राहतात. आवाज खालचा. "आजी, आज नको. साक्ष आहे तिची. तुम्ही तिकडे बसा."

म्हातारी जात नाही. "पोरी, त्याला फाशी देतील का गं?"

"ते साहेब ठरवतील आजी. मला नाही सांगता येत."

"मग नुसता आत ठेवतील?"

"साहेब ठरवतील."

चिक्की पिशवीत परत जाते. म्हातारी दोन्ही बाजूंची कोण लागते, हे मी विचारलं नाही. पण थोड्या वेळानं आईच बोलायला लागते, भिंतीकडे बघत. घरात कळल्यावर पोलिसांत जायला पाच महिने लागले. रोज कोणी ना कोणी येऊन सांगायचं, तू तोंड उघडलंस तर तो लटकेल, त्याची पोरं उघड्यावर येतील, ते पाप तुझ्या पोरीला लागेल. पोरीसमोर सांगायचे. पोरीला वाटायला लागलं, आपण बोललो तर माणूस मरणार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं थोड्याफार फरकानं एकच सांगतात: पोक्सोच्या दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, शिकवणीचा. सकाळी टपरीवर ज्याला लटकवायचं होतं तो माणूस सगळ्यांच्या मनात परका होता. इथे त्याच्यासाठी डबा घेऊन आलेली माणसं बाकावर बसलीत. फाशीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा राग खोटा आहे असं मला वाटत नाही. पण ते पाच महिने कायद्यातल्या फाशीनं लांबवले की कमी केले, हे त्यांच्यातल्या एखाद्यानं या आईला विचारायला हवं.

दुपारी १२.५०

पुकारा. ताई रुमालानं मुलीचे तोंड-हात पुसतात. आई, मुलगी, ताई आत जातात. दार बंद. पोक्सोची सुनावणी बंद दाराआड होते. मी बाहेर.

आत काय चालतं ते मला दिसणार नाही, आणि ताई नंतरही सांगणार नाहीत. रीत मात्र ठाऊक आहे. वकिलानं थेट मुलावर प्रश्न फेकायचा नाही. तो न्यायाधीशांना द्यायचा, न्यायाधीश मुलाला विचारतात. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालत नाहीत. मुलाला मध्ये मध्ये विश्रांती द्यायची. पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल, असं कलम ३५. ही साक्ष दोन वर्षांनी होतेय.

बाहेर पट्टेवाला पेपर वाचतो. खिडकीतून झेरॉक्सच्या दुकानाचा फलक दिसतो. एका बाजूला दोन रुपये, पाठपोट तीन.

दुपारी २.००

बाहेर येतात. सरतपासणी झाली. उलटतपासणी जेवणानंतर.

डबा उघडतो. मुलगी खिचडी खाते, अर्धा डबा. मग बिस्किटं. आई खात नाही, ताई तिला दोनदा सांगतात आणि सोडून देतात. स्वतः वडापाव आणतात, वीस रुपये. वहीत हे वीस लिहीत नाहीत.

मी त्यांच्या पगाराचं विचारतो. २०२० च्या नियमांत लिहिलंय की सहाय्यक व्यक्तीचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी नसावं. म्हणजे कागदावर त्या गवंड्याच्या, फिटरच्या बरोबरीच्या. ताईंची संस्था दर महिन्याला थोडी रक्कम देते. सरकारी बिल वेगळं, ते निघेल तेव्हा. हजेरीचा पुरावा म्हणून कोर्टाचा शिक्का लागतो. शिक्का विसरला तर तो दिवस गेला. एकदा प्रवासखर्चाला रिक्षाची पावती मागितली होती. पनवेलमध्ये पावती देणारा रिक्षावाला कोणी दाखवावा.

या कामात कशा आल्या? कळंबोलीमुळे, त्या म्हणतात. २०११ मध्ये इथल्याच कळंबोलीतल्या कल्याणी महिला बाल सेवा संस्थेतल्या मतिमंद मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. तेव्हा पोक्सो नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. ताई समाजकार्याचं शिकत होत्या, रोज त्या भागातून बसनं जायच्या. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं संस्था चालवणाऱ्याला फाशी सुनावली. पेपरांनी पहिल्या पानावर छापलं. वर्गात टाळ्या वाजल्या, त्यांनीही वाजवल्या.

"मग घरी जाऊन कात्रण कापताना लक्षात आलं," त्या म्हणतात, "सगळी बातमी त्याच्याबद्दल होती. त्या मुली आता कुठे झोपतात, त्यांना कोण जेवायला घालतं, यावर मी वाचलेल्या एकाही बातमीत ओळ नव्हती." अनाथालयातल्या मुलींच्या बाबतीत वहीचं ते पान कसं भरायचं, हे आपल्याला अजून जमत नाही, असंही त्या म्हणाल्या. तिसऱ्या रकान्यात सगळा वेळ संस्थाच येते.

दुपारी ३.१५

पुन्हा पुकारा, पुन्हा दार बंद. उलटतपासणी. म्हातारी अजून बसलीय. तिच्याबरोबरची माणसं चहाला गेलीत. ती मला विचारते, किती वाजले. मी सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारते.

दुपारी ४.२०

झालं. मुलगी बाहेर येऊन पहिल्यांदा संडासला जाते. परत आल्यावर विचारते, "आता यायचं नाही ना?"

"बहुतेक नाही," ताई म्हणतात. पक्कं नाही सांगत. आधी आईला, मग मुलीला सांगतात की अजून डॉक्टरांची साक्ष, पोलिसांची साक्ष आहे, निकालाला वेळ लागेल. निकाल काय लागेल हे आई विचारते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीनं २०२२ मध्ये पोक्सोच्या दहा वर्षांतले खटले पाहिले होते. शिक्षा झालेल्या एका खटल्यामागे साधारण तीन खटल्यांत निर्दोष सुटका. ताईंना तो आकडा पाठ आहे. आईला त्या सांगतात, "तिनं सांगितलं, साहेबांनी ऐकून घेतलं. आजचं काम झालं."

शिक्क्यासाठी पंचवीस मिनिटं. साक्षीदाराच्या भत्त्याचा अर्ज, त्यावर आईचा अंगठा. सही येते तिला, पण हात थरथरतोय. अंगठा बरा.

संध्याकाळी ५.०५

कोर्टासमोरच रिक्षा थांबते. आई आणि मुलगी घरी. मुलगी जाताना खडूंची पेटी मागते. ताई अख्खी पेटी देत नाहीत, उद्या दुसऱ्याला लागेल. जांभळा आणि हिरवा देतात.

त्या मायलेकींचा आजचा हिशोब त्या रिक्षास्टँडवरच मांडतात. खाडे चार घरांचे, दोनशेवीस. रिक्षा जाऊन-येऊन एकशेसाठ. भत्ता मिळेल तेव्हा. मनोधैर्यचा अर्ज गेल्या वर्षी गेलाय. योजना १० लाखांपर्यंतची आहे, अल्पवयीन मुलीच्या वाट्याचा मोठा भाग मुदतठेवीत जातो. त्यासाठी मुलीचं बँक खातं हवं, आणि आधारवर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. उद्या त्यासाठी रांग. तेव्हा पाचवा खाडा.

"तू जाऊ नकोस," ताईंनी तिला सांगितलं होतं. "मी नंबर लावते, पुढं आला की फोन करते."

संध्याकाळी ६.१०

तळोज्याच्या बाजूला एका मोठ्या गृहसंकुलाचं काम चाललंय. इको गाडीनं तीस रुपये सीट. वीस-बावीस मजले वर गेलेत. मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगा, मजुरांच्या. नांदेड, परभणी, वाशिमची माणसं, थोडी कर्नाटकातली, थोडी झारखंडची. काम सकाळी साडेआठ ते सहा. बिगारी बाईची हजेरी सहाशे, बाप्याची साडेसातशे.

इथे अजून कसलीही केस नाही. म्हणून तर ताई इथे येतात. या फेऱ्यांचं कोणी बिल घेत नाही.

रांगांमधून फिरलं की मुलंच मुलं दिसतात. सात-आठ वर्षांची मुलगी, कमरेवर वर्षाचं पोर. गावी शाळा होती, इथे तिच्यावर धाकटं सोपवलंय. अंगणवाडी मुख्य रस्त्यापलीकडे आणि दुपारीच सुटते. दुपारपासून सहापर्यंत चौथ्या रकान्यात काय लिहायचं? वॉचमन. प्लंबरची मुलं, म्हणजे बिनलग्नाची सहा पोरं, एका खोलीत राहणारी. ती वाईट आहेत असं ताई म्हणत नाहीत. कोणी वाईट आहे असं त्या दिवसभरात म्हणाल्या नाहीत. वेळ लिहितात आणि माणूस लिहितात.

संडास आठ, रांगेच्या टोकाला. दिवा गेला होता. मागच्या खेपेस ताईंनी नव्वद रुपयांचा एलईडी बल्ब आणून मुकादमाच्या हातात दिला होता. आज तो लागलाय. मुकादम स्वतः घेऊन जाऊन दाखवतो.

संध्याकाळी ६.५०

बायका आल्या. हातपाय धुऊन चुली पेटल्या. ताई मधल्या मोकळ्या जागेत बसतात. विषय तोच, चौथ्यांदा. पाळणाघर.

बांधकाम कामगारांच्या, तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यात होतं: पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची. मुकादम मस्टर घेऊन आलाय.

"ताई, आपल्याकडं सत्तेचाळीस हायत."

"आणि त्या पलीकडच्या टॉवरवर?"

"तिथला ठेकेदार येगळा."

जागा एकच, दार एकच, पाण्याचा टँकर एकच. मस्टर मात्र दोन. ताई वाद घालत नाहीत. खोली कोणती रिकामी आहे विचारतात. सिमेंटच्या गोण्यांची एक खोली पुढच्या आठवड्यात मोकळी होईल. "खोली देतो," मुकादम म्हणतो. "साहेबाला मी सांगतो. पण बाईचा पगार कोन देनार?"

मुद्दा तिथेच अडतो. मुलं सांभाळणारी बाई कामावर जाणार नाही, म्हणजे तिची सहाशेची हजेरी बुडणार.

"धाकटी तेरा हायत," परभणीकडची एक बाई बोटं मोजते. "चाळीस-चाळीस काढले तर?"

पाचशेवीस.

"माजी दोन हायत. मला दोनाचे पन्नास धरा."

"मग माजीबी दोनच हायत की!"

गलका होतो. दोघींना सूट दिली तर साठ कमी. ताई वहीत आकडे मांडतात आणि मोठ्यानं वाचतात. चारशेसाठ. सहाशेला एकशेचाळीस कमी. मुकादमाकडे सगळ्या बघतात. तो मान खाजवतो. "पन्नास मी घालीन. रोजचे. पर लिहून नका ठिऊ."

अजून नव्वद.

"मोठ्या पोरींचं काय?" मागून एक म्हातारी विचारते. नातीला घेऊन आलेली, कामावर जात नाही. "बारकी खोलीत बसल्यावर या आठ-नऊ वर्षांच्या कुटं जातील?"

"शाळेत," ताई म्हणतात. "धाकटं कडेवर नसलं तर शाळेत जाता येतं. नाव मी घालते."

"दाखला नाही."

"दाखल्याशिवाय घालतात. मी येते बरोबर."

म्हातारी थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, पाचशेत मी बसते पोरांजवळ. मला काय कुनी हजेरी देत न्हाई. सगळ्या एकदम तिच्याकडे वळतात. एक बाई म्हणते, आत्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही. दुसरी म्हणते, ऐकू तर येतं. ताई वहीवर पेन टेकवून थांबतात. मग दोन बाया लावू, एक म्हातारी आणि एक तरुण, असं कोणीतरी सुचवतं, आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दूध धरायचं की नाही? रविवारी स्लॅब असला तर?

रात्री ८.१५ ची शेवटची इको जाईल म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.

"थांब रे पाच मिनिटं," मुकादमच ओरडतो. "तेरा नव्हं ताई, चौदा लिवा. त्या तिसऱ्या रांगेतली काल आलीय, तिचं ऱ्हायलं."